नानाला कावळा शिवला

थांब निलम, चहाबिहा नंतर, आधी ऐक, नाहीतर माझं पोट फुटेल — अगं आत्ता, म्हणजे तू घोलवडला उतरून टमटममध्ये बसलीस ना, बरोबर त्या वेळी मी एका मयतीला उभी होते. हसू नकोस! खरंच. चिकूच्या वाडीत, ओळीने सगळा स्टाफ, डोक्यावरनं ओढण्या-रुमाल, मुकेशभाई सगळ्यात पुढे आणि मी त्यांच्या बाजूला, तोंड असं पाडून — आणि ज्याची मयत होती तो — ए, त्या पिशवीला पाय नको लावूस! दे इकडे. नाही, नको, तू धरू नकोस, मीच मांडीवर घेते. काय आहे म्हणजे? तोच आहे. ज्याची मयत होती तो. जिवंत आहे गं, ओरडू नकोस, त्याला आवाज चालत नाही. सांगते ना. क्रमाने सांगते. मला क्रमाने सांगता येत नाही हे तुला कॉलेजपासून माहितीये, पण आज सांगते, कारण तुझी गाडी संध्याकाळची आहे आणि त्याच्या आधी ठरवायचंय.

तर आमच्या रिसॉर्टच्या रिसेप्शनचा तो फोटो मी तुला पाठवलेला, आठवतो? मी जॉइन झाले त्या आठवड्यातला, मागे काचेची टाकी आणि टाकीवर बोर्ड, 'किंगसोबत सेल्फी'. तू लिहिलं होतंस, ईऽऽ, पाल. पाल नाही ती. बिअर्डेड ड्रॅगन — दाढीवाला सरडा म्हण, ऑस्ट्रेलियातला, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. मुकेशभाईंनी मुंबईहून आणला. हौस! मालकच ते, रिसॉर्ट त्यांचं, वाडी त्यांची, कोणी नको म्हणणार? डहाणूपासून उंबरगावपर्यंत कोणत्या रिसॉर्टमध्ये ड्रॅगन आहे सांग — हे त्यांचं वाक्य, येईल त्याला ऐकवायचे. आणि लोक काय, येतात, काच ठोकतात, वेफर टाकतात आत, चिकूच्या फोडी टाकतात. आणि तो हात वर करायचा गं. असा — एक हात, हळूऽऽ, गोल फिरवून खाली. की पोरंटोरं किंचाळायची, किंग हाय करतोय, किंग हाय करतोय! मुकेशभाई खूश. मीसुद्धा खूश, मी परत हाय करायचे.

नंतर कळलं ते हाय नसतं. ते, तू मोठा आहेस, मी लहान आहे, मला मारू नकोस, असं असतं. वापीच्या डॉक्टरने सांगितलं. दिवसभर तो प्रत्येकाला तेच सांगत होता आणि आम्ही फोटो काढत होतो.

हां, डॉक्टरवर येते. झालं काय, पाऊस लागला, सीझन संपला, बोर्डीला कुत्रं येत नाही पावसात. टाकी उचलून ठेवली स्टोअरमध्ये, गाद्यांच्या मागे. मुकेशभाई गेले सुरतला, बहिणीकडे लग्न होतं, जाताना सांगून गेले, कोबी टाकत जा कोणीतरी. आता 'कोणीतरी' म्हणजे कोण? आमच्याकडे 'कोणीतरी' नावाचं माणूस नाही. मी एकदा चादरी मोजायला गेले आणि बघते तर — निलम, तो काळा पडलेला. डोळे आत. शेपटीचं टोक वाळक्या काडीसारखं, बोटांवर जुनी कात तशीच आवळून बसलेली, सुतळी बांधल्यासारखी. मी काच उघडली तर त्याला उठायचं होतं, पुढचे पाय उठले आणि मागचे उठलेच नाहीत. आणि तशातही त्याने हात वर केला. थरथरत. मला. हाय.

मी रडलेबिडले नाही. उगाच नको काहीतरी समजूस. मी टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या खोलीत आणला, बस. खिडकीत ठेवला, ऊन पडेल तेव्हा पडेल म्हणून — आणि मला काय हुशारी वाटत होती स्वतःची! डॉक्टर म्हणाला, काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्याला काही उपयोग नाही, काच उन्हातलं औषधच अडवते, उघडं ऊन पाहिजे नाहीतर तो स्पेशल दिवा पाहिजे, नाहीतर हाडं मऊ होतात. जबडा रबरासारखा झालेला त्याचा, मी बोट लावून बघितलं, लावायला नको होतं. कॅल्शियमचं सिरप, थेंब थेंब. कोमट पाण्यात बसवायचं. हो, टबात, माझ्या कपडे धुवायच्या टबात, मग कपडे? कपडे बादलीत, काय फरक पडतो.

आणि त्याला वापीला नेला कसा ते तर ऐक! तलासरीहून शेअर जीप, मांडीवर प्लॅस्टिकचा मोठा डबा, झाकणाला भोकं, आणि बाजूला एक आजोबा, सारखे डब्यात बघतायत. मला म्हणतात, घोरपड हाय का? म्हटलं नाही आजोबा, ड्रॅगन आहे. म्हणतात, रस्सा करायचा का सुका? आख्खी जीप वळली! ड्रायव्हर आरशातून बघतोय! मी म्हटलं, आजोबा, पेशंट आहे हो, दवाखान्यात नेतेय. तर सरकून जागा दिली आणि उतरताना काय म्हणाले माहितीये? बरा झाला की सोडून दे, एकटा हाय तो. घे! कुठे सोडू, ऑस्ट्रेलियाला?

एकटा. तर तिथनं मी त्याला नाना म्हणायला लागले. दाढी होती, बोलत नव्हता, सकाळी उन्हात बसायचा, नानाच की. लडक्याकाका, आमचे माळी, फवारणी कुठल्या ओळीत केली ते त्यांना विचारायचं आणि दुसऱ्या ओळीत जाऊन नाकतोडे पकडायचे. मी! जी झुरळ बघून खुर्चीवर चढायची! काकांना सांगितलं होतं, योगा करते गवतात. शेवग्याचा पाला बायजीकडून. बायजी म्हणजे आमची स्वयंपाकीणबाय, सायवन गावची, किचन तिच्या हातात आहे, मुकेशभाईसुद्धा विचारून आत येतात. तिला म्हटलं मला रोज शेवग्याची भाजी लागते. तिने एक दिवस पाला देता देता विचारलं, बाय, तुझी भाजी आता चालतेय का? म्हणजे तिला माहिती होतं! आणि दुसऱ्या दिवसापासून पाल्याबरोबर एक जास्वंदीचं फूल यायला लागलं. नानाला जास्वंद म्हणजे, काय सांगू, गुलाबजाम.

आणि तो चालायला लागला गं! आधी पोटावर, मग एक मागचा पाय, मग दुसरा — जरा वाकडाच टाकतो अजून, जबडाही डावीकडे तिरका राहिला, तो तसाच राहणार म्हणे. पण चालतो. भिंतीपर्यंत जातो, परत येतो. मी लॅपटॉपवर बुकिंग टाकत बसले की माझ्या पावलावर येऊन बसतो, गरम लागतं म्हणून, प्रेमबीम काही नाही, डॉक्टर म्हणाला ते गरमीलाच येतात. ठीक आहे. गरमीला तर गरमीला. आख्ख्या पावसाळ्यात त्या रिसॉर्टमध्ये मी, बायजी आणि काका, ते दोघं दिवस मावळायच्या आत घरी, मग आईला फोन — हो मस्त चाललंय, हो खूप माणसं आहेत, हो मैत्रिणी झाल्या — आणि मग नाना. तुलाही लावायचे फोन. तू उचलायची नाहीस. टोमणा नाही मारत, तुझी नवीन नोकरी होती, माहितीये मला. मी आपलं नानाला सांगायचे सगळं. तो एक डोळा मिटून ऐकायचा. तुझ्यापेक्षा बरा, मध्ये बोलत नाही. बरं, आज तूही बोलत नाहीयेस म्हणा.

कुठे होते मी? हां, काल. सुरतहून आल्यापासून किंगचं नाव नाही काढलं, आणि काल मुकेशभाई रजिस्टर बघतायत, नाताळ फुल्ल, एकदम खुशीत, आणि म्हणतात, प्रगतीबेन, आपल्या किंगला काढा हवे बहार, आता बाहेर काढा, काच चमकवून घ्या, बोर्डवर लायटिंग करू. निलम, मी तोंड उघडलं ते हो म्हणायला. शप्पथ. आणि तोंडातून आलं, तो गेला शेठ.

म्हणजे मी विचार नव्हता केला! नुसतं आलं! मला वाटलं, विचारतील कधी, चिडतील, एवढं महागाचं जनावर म्हणतील, मग संपलं. ते नुसते खुर्चीत बसले. पांढरे पडले. मग विचारलं, त्याला दुखलं का? मी म्हटलं, नाही, झोपेत गेला. आणि खरं सांगू? कोणाला सांगू नकोस. मला बरं वाटलं. त्यांचा चेहरा बघून. म्हटलं लागू दे जरा. वर अजून एक ठेवून दिली, शेवटी शेवटी मागचे पाय उठत नव्हते म्हटलं. आता हे तर खोटं नव्हतं ना? नव्हतं.

मला काय ठाऊक ते विधी करणार! म्हणाले कुठे आहे? आता आली का पंचाईत! म्हटलं, खोक्यात ठेवलाय. म्हणाले, सकाळी वाडीत माती देऊ, सगळ्यांनी यायचं, आपल्या घरातला होता. आता घरातला! गाद्यांमागे कोणाच्या घरातला होता? तर मी काय केलं, बुटाचा खोका घेतला, कच्चे चिकू घेतले, नॅपकिनात गुंडाळले. वजन बरोबर आलं. पण नीट नाही गं बसले, सकाळी लडक्याकाकांनी खोका उचलला आणि आतून गडगडगड! काका म्हणाले, शेठ, आत काय तरी फिरतंय! मी म्हटलं, त्याच्या टाकीतले दगड आहेत, त्याला आवडायचे, बरोबर दिलेत. तर मुकेशभाई म्हणतात, उघडा, एकदा मोढुं बघून घेतो. तोंड! बघायचंय! चिकूचं! म्हटलं नका बघू शेठ, जबडा वाकडा झालाय, तुम्हाला सहन नाही होणार. थांबले. डोळ्याला रुमाल. काकांनी खड्ड्यात ठेवला, सगळ्यांनी एक एक मूठ माती घातली, मीसुद्धा. चिकूला मूठमाती! मला आतून असं हसू येत होतं ना, ओठ चावून चावून रक्त यायचं बाकी होतं, आणि मुकेशभाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

एवढ्यावर संपायला पाहिजे होतं की नाही? पण बायजी आली किचनमधून, केळीच्या पानावर भात, भातावर जास्वंदीचं फूल. म्हणते, कावल्याला ठेवू. मुकेशभाई म्हणाले, ते दहाव्याला ना? बायजी म्हणते, ह्याला कुठनं आणायचे दहा दिस शेठ, हा लहान जीव, आजच करून टाकू. आणि ठेवलं पान. आणि आम्ही सगळे दहा पावलं मागे जाऊन उभे.

कावळा शिवेना! आता तू सांग, बोर्डीचे कावळे, किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेत, पोटं फुटेस्तोवर खाल्लेत, ते भाताला कशाला शिवतायत? बसले आहेत आंब्यावर पाचसहा, मान वाकडी करून बघतायत आमच्याकडे, असल्या फालतू भाताला कोण येतं म्हणून. मला घाम. कारण खरं तर हिशेबाने बरोबरच होतं ना — मेलाच नाही तर शिवेल कसा! मला वाटायला लागलं की त्या कावळ्यांना माहितीये. हसतेस काय! तू असतीस तर तुलाही वाटलं असतं!

मग बायजी हळूच म्हणते, सगळ्यांना ऐकू जाईल एवढं हळू — शेठ, काय तरी र्‍हायलंय त्याचं. बोला त्याला. आमच्यात असं सांगावं लागतं, आम्ही तुझं हे करू, ते करू, मग शिवतो. मुकेशभाई म्हणाले, मी? काय बोलू? जनावराला? बायजी म्हणते, तुमचाच होता ना.

आणि ते पुढे गेले, निलम. एकटे. चप्पल काढून. आधी गुजरातीत काहीतरी पुटपुटले, मग आमच्याकडे पाठ करूनच मराठीत बोलायला लागले, बहुतेक आम्हाला पण ऐकवायचं होतं. म्हणाले, किंग, तुझा दिवा मी आणला होता. दुकानदाराने सांगितलं होतं, ह्याला हा दिवा लागेल, मी आणला होता, तुझ्याबरोबरच आणला होता. लावला नाही. त्याच्या पांढऱ्या उजेडात सेल्फीत लोकांचे चेहरे आजारी दिसायचे, म्हणून काढला आणि पिवळा बल्ब लावला. कपाटात आहे अजून. माझ्या पाठीमागच्या कपाटात.

बघ. मी त्या दिव्यासाठी कुठे कुठे फोन केले होते! मुंबईत, वापीत, कुरियर पावसात अडकलेलं — आणि तो माझ्या रिसेप्शनच्या मागे कपाटात होता. मला इतका राग आला की वाटलं तिथेच ओरडावं, आणि त्याच वेळी ते म्हणाले, मला माहिती होतं. म्हणजे, तू बरा नाहीस हे मला दिसत होतं, मी बघत नव्हतो. आता माझ्या काउंटरवर कोणाला बसवणार नाही. कोणाला म्हणजे कोणालाच नाही. आणि बोलता बोलता रडायला लागले. रडणं कसं, लहान मुलासारखं, नाक ओढत. एवढा मोठा माणूस, सोन्याचं ब्रेसलेट, बनियन दिसतंय शर्टातून.

आणि कावळा आला. शप्पथ! सरळ आंब्यावरनं खाली, पानावर, एक घास, फडफड, गेला. सगळे म्हणाले, शिवला, शिवला! लडक्याकाकांनी हात जोडले. माझ्या अंगावर काटा, अजून आहे, बघ हात. खोटं मढं, खोटी माती आणि खरा कावळा, म्हणजे —

काय? नाही, बायजी तिथेच होती, पानाजवळ. म्हणजे ते रडायला लागले तेव्हा ती पुढे गेली, फूल सरकलं होतं ना ते नीट करायला. वाकली, पदर सावरला, मागे आली. पदर झटकला. हां, झटकला, का झट — थांब. थांब थांब थांब. तिच्या पदराला वास येत होता. माझ्या बाजूला येऊन उभी राहिली तेव्हा. बोंबलाचा. निलम! तिने भातात बोंबील खोचला! ती बाई! शेवगा देणारी, जास्वंद देणारी, तिला माहितीये नाना जिवंत आहे, आणि तरी माझ्या शेजारी असं सुतकी तोंड करून, काय तरी र्‍हायलंय त्याचं! तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं गं सगळं! आणि मग शिवू दिला कावळा! मला एका शब्दाने नाही बोलली! थांब, हसू दे मला — नाही, बघ, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पाणीच आहे. हसण्याचं.

बरं. आता तू. तुला बोलावलं ते ह्याच्यासाठी. किनारा बघायला ये म्हटलं ते सगळं खोटं — म्हणजे तुला भेटायचं होतंच, पण कालपासनं ठरलेलं की संध्याकाळच्या गाडीने नाना तुझ्याबरोबर. पिशवीत गरम पाण्याची बाटली आहे, सिरप आहे, मी सगळं समजावून सांगितलं असतं, तुझ्या गॅलरीत ऊन येतं. मेलेल्याला इथे ठेवता येत नाही ना. नाताळात माझ्या खोलीच्या बाजूच्या खोल्या पण भरतील, कोणीतरी बघणारच. तर तो जातो, सुरक्षित राहतो, माझी नोकरी राहते, संपला विषय. सकाळपर्यंत एकदम सोपं होतं. पण त्यांनी कबूल केलंय ना आता. सगळ्यांसमोर. आणि ते जेवले नाहीत सकाळपासून, बायजीने ताट परत नेलं. मी जाऊन सांगितलं की शेठ, तो आहे, मी खोटं बोलले — तर? काढतील मला? काढू दे. पण माणूस मेलेल्यासमोर जे बोलतो ते जिवंतासमोर पाळतो का? हां? आनंदाच्या भरात उचलून परत काउंटरवर ठेवला तर? किंग परत आला, चमत्कार, कावळ्याने परत दिला — मुकेशभाई बोर्ड करतील त्याचा, मी ओळखते त्यांना! आणि नाही सांगितलं, तर तो माणूस जन्मभर असंच समजणार की त्याने मारला. मारलाच होता म्हणा. जवळजवळ. आणि नाना तुझ्याकडे, आणि मी त्या खोलीत, आणि पावलावर कोणी नाही — ते सोड, ते महत्त्वाचं नाही.

उघड जरा, बघू दे. हळू. बघ कसा बघतोय. तुला हात वर करेल कदाचित, नवीन माणूस आहेस, वाईट वाटून घेऊ नकोस. मला नाही करत आता. बरेच दिवस झाले.

ए — मागे वळू नकोस. सुरूच्या झाडांमधनं येतायत. मुकेशभाई. इकडेच. एकटेच आहेत. हातात काय आहे ते? खोकं आहे, लांबट — अगं, दिवा आहे तो. तोच दिवा. खोक्यासकट. मला द्यायला आणतायत, नक्की, कोणा गरजूला दे म्हणतील. पिशवी झाक. नको, झाकू नकोस. थांब. झाक! अगं, नानाने मान वर केलीय, त्यांच्याकडेच बघतोय — हात? हात वर केलाय का? मला इकडून दिसत नाही, तुला दिसतंय, बघ ना नीट. निलम. आले ते. पटकन सांग, तू काय केलं असतंस?